राजीखुशीतला काना

मी, सिपोरा आहारोन झिराडकर, माहेरची सिपोरा एलिझा अष्टमकर, वय वर्षे एकोणसत्तर, धर्म यहुदी, धंदा लग्नाचे करारनामे लिहिणे व सणावाराच्या वस्तू घडवणे, राहणार छावणी, औरंगाबाद, आज रविवारी सकाळी माझ्या घराच्या पुढच्या खोलीत बसून माझ्या पश्चात काय व्हावे ते सांगून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डॉ. रामकिसन शेजूळ यांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला वार विचारला. मी वार सांगितला, तारीख सांगितली, आणि आमच्या हिब्रू पंचांगातला महिनाही सांगितला. तो बरोबर की चूक हे डॉक्टरांना कळायला मार्ग नव्हता, तरी त्यांनी मान डोलावली. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही.

‘सांगून ठेवते’ म्हटलं, ‘लिहून ठेवते’ म्हटलं नाही, कारण उजवा हात तीन वर्षांपासून थरथरतो. लिहून घेणार म्हाळसाबाई सूर्यभान शिंगाडे. त्या कोण ते कलम चारमध्ये येईल. मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, असं ठरलं आहे.

वकील नानासाहेबांनी मसुदा एका पानात आटपला होता. मी म्हटलं, नानासाहेब, जन्मभर एका पानाचंच काम केलं, शेवटचं तरी जरा लांबवू द्या. ते म्हणाले, लांबवा, पण घरगुती गोष्टी घालू नका. आता मृत्युपत्रात घरगुती घालायचं नाही तर काय रेल्वेचं टाइमटेबल घालायचं? खरं सांगायचं तर घर, लाकूड आणि पितळ वाटायला त्यांचं एक पान पुरलं असतं. हा कागद मी करते आहे तो कलम सहासाठी. माझ्या मुलीला, अबिगाईलला, एक गोष्ट सांगायची आहे. अठ्ठावीस वर्षं सांगितली नाही, आणि जिवंतपणी सांगायची माझी छाती नाही.

कलम १. मी कोण. पोलीस ॲक्शन झाल्यावर निजामाच्या मुलखात कचेऱ्या चालवायला बाहेरून माणसं पाठवत होते, त्यात माझे वडील पुण्याहून इथल्या टपाल खात्यात आले. दोन वर्षांसाठी आले ते निवृत्त इथंच झाले. मी १९५० साली छावणीत जन्मले. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, मूळचे कोकणातले. हे शेजारणींना समजावता समजावता माझी आई थकली. शेवटी ती ‘आम्ही शनिवार पाळतो’ एवढंच सांगायची. त्यावरून आम्ही मारुतीचे भक्त आहोत असा अर्ध्या गल्लीचा समज झाला, आणि दर शनिवारी कुणी ना कुणी आमच्याकडे तेल आणून द्यायचं. आई घ्यायची. तेल चांगलं असायचं.

केतुबा म्हणजे आमच्या लग्नाचा करारनामा. नवऱ्याने बायकोला कसं सांभाळायचं ते त्यात जुन्या अरामी भाषेत हिब्रू लिपीत लिहिलेलं असतं. लग्नात तो सगळ्यांसमोर वाचतात, साक्षीदार सह्या करतात आणि कागद बायकोच्या हवाली करतात. मला हे काम पुण्याचे बिन्यामिनमामा यांनी शिकवलं. ते वहीच्या कागदावर काळ्या शाईने लिहीत आणि भागवत. मी कागजीपुऱ्याचा हातकागद आणला, कडेने हिमरू शालीवरची वेल काढली, वर मकबऱ्याच्या जाळीची नक्षी घातली. मामांनी कागद डोळ्यांशी धरला आणि म्हणाले, ‘‘सिपू, हा करार आहे की लुगड्याचा काठ?’’ तोच केतुबा मुंबईच्या माणसाने पाहिला आणि आपल्या मुलीसाठी तसाच मागितला.

पुढं इस्राएलहून मागणी आली, अमेरिकेहून आली. नवी जोडपी सांगतात, नुसतं नवऱ्याने बायकोला नको, दोघांनी दोघांना सांभाळायचं असं लिहा. लिहिते. मला ते पटतं. एका जोडप्याने भांडी कोण घासणार हेसुद्धा घालायला लावलं. अरामीत नेमका शब्द सापडेना, म्हणून ते खाली बारीक अक्षरात मराठीत लिहून दिलं. पाच वर्षांनी त्या बाईचं पत्र आलं की कलम पाळलं जात नाही. त्याला मी काय करणार?

कलम २. घर. छावणीतलं हे दोन खोल्यांचं घर आणि पुढचं अंगण माझे यजमान आहारोन यांनी घेतलं. ते एसटीच्या वर्कशॉपात होते, १९८४ साली छातीत कळ येऊन गेले. घर माझ्यामागे अबिगाईलचं. मात्र पुढची खोली, जिथं कामाचं टेबल आहे, ती म्हाळसाबाई जिवंत असेपर्यंत त्यांच्या कामासाठी राहील. भाडं घेऊ नये. बँकेत जे असेल ते अबिगाईलच्या दोन्ही मुलांना सारखं.

कलम ३. वस्तू. मेझुझाच्या डब्या, हनुक्काच्या सणाचे पितळी दिवे, शब्बाथच्या म्हणजे शनिवारच्या पावावर घालायची हिमरूची वस्त्रं, जे जे तयार आहे ते सगळं अबिगाईलला. अर्धवट असलेलं सगळं आणि लाकूड व हत्यारं बद्रीनाथ सुतार यांना.

मेझुझा म्हणजे दाराच्या चौकटीवर ठोकायची लांबट डबी, तिच्यात वचनं लिहिलेली गुंडाळी असते. मामांच्या रितीप्रमाणे मी ती तिरकी ठोकते. बद्रीनाथ पहिल्यांदा डब्या घेऊन घरी आले तेव्हा मी बाजारात गेले होते. परत येऊन बघते तर घरातल्या तिन्ही डब्या उभ्या सरळ. पाणलेव्हल लावून केल्या होत्या. म्हणे, ‘‘बाई, कुणीतरी लई वाकड्या ठोकल्या होत्या, म्या नीट करून टाकल्या, त्याचे पैसे नगं.’’ मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पण माणूस हाताचा सच्चा आहे. आता त्यांच्या दुकानाच्या दारावरही एक डबी आहे, आत गुंडाळीऐवजी रंध्याचं बारीक पातं ठेवलं आहे, आणि ती तिरकी आहे.

कलम ४. म्हाळसाबाई. कन्नडच्या घाटाजवळच्या वस्तीवरच्या. नवरा सूर्यभान मेंढरं चारायचा. मेंढरं विकावी लागली तेव्हा दोघं शहरात आले, आणि म्हाळसाबाई १९९३ साली माझ्याकडे झाडलोट करायला लागल्या. एकदा मी काजळी आणि बाभळीचा डिंक खलून शाई करत होते. दाराशी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘डिंक कमी पडला बाई, पानी सुटंल.’’ मेंढरांच्या पाठीवर खुणा करायचा रंग त्या लहानपणापासून खलत आल्या होत्या. मी डिंक वाढवला. शाई कधी नव्हे ती काळीकुळकुळीत झाली.

तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. ‘‘ह्यो उर्दू हाय का?’’ म्हणून विचारलं. मी म्हटलं, हिब्रू. अलेफ काढायला शिकवला. म्हणजे या बाई आधी अलेफ शिकल्या आणि मग अ. आमची अक्षरं वरच्या रेघेला टांगून लिहायची असतात, आपल्या मराठीसारखीच, त्यामुळे मराठी त्यांना सोपी गेली. गेल्या तीन वर्षांत माझ्या नावाने गेलेल्या प्रत्येक केतुब्याचं अक्षर त्यांचं आहे. ज्यांनी ‘सिपोराताई, या वयातही तुमच्या हाताला काय गोडी आहे’ अशी पत्रं पाठवली, त्यांनी ती म्हाळसाबाईंना पाठवली असं समजावं. मजकूर मी तपासला आहे, शब्दाची चूक नाही. लिहिणारा यहुदीच हवा असं नाही, सही करणारे साक्षीदार तेवढे हवेत. हे मी विचारून घेतलं आहे, कुणी वाद घालू नये.

कामाचं उतरतं टेबल, सगळे बोरू, दौती, कागदाचा साठा, नक्षीच्या वह्या आणि गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची वही म्हाळसाबाईंना. पुढं केतुब्याच्या मागे लिहिणाराचं नाव त्यांचंच घालावं. (लिहून घेताना म्हाळसाबाई इथं थांबल्या आणि पदराने डोळे पुसले. पुसा म्हटलं, पण कागदावर थेंब पडू देऊ नका.)

कलम ५. आप्पासाहेब कडूबा गाडेकर, औरंगपुऱ्यात फ्रेमचं दुकान. यांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही. कारण असं की १९९८ साली मी यांच्याकडे एक केतुबा चौकटीत बसवायला दिला. चौकट चार बोटं लहान पडली, म्हणून यांनी कागदच खालून चार बोटं कापला. मी विचारलं, आप्पासाहेब, अहो हे काय केलं? तर म्हणाले, ‘‘बाई, खाली नुसत्या सह्या होत्या, डिझाईन तर सगळं वर होतं.’’ लग्न झालेलं, सह्या केराच्या टोपलीत! सबंध केतुबा पुन्हा लिहावा लागला आणि एका म्हाताऱ्या साक्षीदाराला सहीसाठी अलिबागहून एसटीने आणावं लागलं. माझी मोठी कात्री कोणत्याही परिस्थितीत यांच्या हाती पडू नये.

आता वकील म्हणतात, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. म्हणून साक्षीदार आप्पासाहेबच. ते समोर खुर्चीत बसले आहेत आणि हे ऐकत आहेत. दुसरे साक्षीदार डॉक्टर शेजूळ, ते दवाखाना आटपून येत आहेत.

कलम ६. अबिगाईल आहारोन झिराडकर, आता अबिगाईल रूवेन पेणकर, राहणार दिमोना, इस्राएल. माझी एकुलती एक लेक.

अबी, केतुब्याच्या शेवटी, सह्यांच्या जरा वर, ‘कानिना’ असा शब्द असतो. ‘आम्ही हे पक्कं केलं’ असा त्याचा अर्थ. त्यात कोफ नावाचं अक्षर आहे. कोफचा एक पाय सुटा असतो, ओळीच्या खाली उतरतो. बिन्यामिनमामांची रीत अशी की घरी सगळा केतुबा लिहून काढायचा, पण कोफचा पाय काढायचा शिल्लक ठेवायचा. लग्नात, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत, लिहिणाराने तेवढी एक रेघ ओढायची आणि मग सह्या. तांदळाच्या दोन दाण्यांएवढी रेघ. पाय नसला तर ते अक्षर हिब्रूतल्या ‘र’सारखं दिसतं आणि शब्दाला काही अर्थ राहत नाही. ही रीत सगळीकडे नाही, पण मामांची होती आणि म्हणून माझी.

तुझं लग्न १६ डिसेंबर १९९० ला याच अंगणात झालं. आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेवढे जमावेत म्हणून पुण्याहून मेटॅडोर केली होती. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तुझा केतुबा मी चार महिने खपून केला होता. रूवेन तुला पाचव्या दिवशी इस्राएलला घेऊन जाणार होता. कुवेतच्या भानगडीच्या बातम्या रोज येत होत्या, तिकडे लढाई होणार म्हणून सगळे बोलत होते, आणि तू पांढऱ्या साडीत हसत बसली होतीस.

मी शाईत बुडवलेला बोरू हातात घेऊन कागदावर वाकले. मामांनी विचारलं, ‘‘सिपू, पाय काढलास?’’ मी म्हटलं, ‘‘काढला, मामा.’’

काढला नव्हता. मामांना दिसत नव्हतं. साक्षीदारांनी कागद नीट न बघताच, मी बोट दाखवलं तिथं सह्या केल्या. रूवेनने केतुबा तुझ्या हातात दिला, बायकांनी गाणी म्हटली, मी पण म्हटली.

का केलं ते सांगते. नवरा गेला होता, तूही निघाली होतीस. मला राग आला होता, तुझा, रूवेनचा आणि त्या कागदाचाही. आणि मनात कुठंतरी असं की पाय नाही तर ती परत येईल. अडाणीपणा आहे, मला कळतं. पुढचे चार दिवस केतुबा गुंडाळून माझ्याच कपाटावर होता. रोज वाटायचं, आज काढू. पाचव्या दिवशी तू तो बॅगेत घातलास. मामा पुढच्या वर्षी गेले. जाताना म्हणाले की माझ्यामागे रीत सांभाळणारी सिपू आहे.

तुझ्या लग्नाला काही धोका नाही. एका शास्त्र जाणणाऱ्या माणसाला मी एका गिऱ्हाइकाचं म्हणून पत्राने विचारलं. त्याने कळवलं की ती नुसती रीत आहे, करार वैध आहे. तेव्हा घाबरू नकोस. खोटं बोलले ती मी.

तू मला नऊ वेळा तिकडे बोलावलंस. मी गुडघ्याचं सांगितलं, कामाचं सांगितलं, एकदा पासपोर्ट हरवला म्हटलं. पासपोर्ट उशीखाली होता. तुझ्या दिवाणखान्यात तो केतुबा टांगलेला आहे आणि त्याच्यासमोर मला उभं राहता येणार नाही, हे खरं कारण. फोनवर नातवंडं दिसतात, त्यांच्या मागे भिंतीवर ती चौकट दिसते. त्यांना वाटतं आजी आपल्याकडे बघते आहे. गेली चार वर्षं तू ‘आई, ये’ म्हणणं सोडलं आहेस.

दारफाळणीचा सण येतो, दारं लावून उपास करायचा, केलेल्या पापांची माफी मागायची. पण माणसाचा अपराध आधी त्या माणसाकडूनच माफ करून घ्यावा लागतो, त्यात देव पडत नाही. असे अठ्ठावीस सण मी दार लावून बसले आणि तुला फोन केला नाही.

त्या दिवशीचा बोरू मी पुन्हा वापरला नाही. तो बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहे, शेजारी वाळलेल्या शाईची वडी. हा डबा तुला. मी गेल्यावर शाई पाण्यात उगाळून तो पाय तूच काढ, आणि जमलं तर मला माफ कर.

कलम ७. दफन पुण्याला, वडिलांशेजारी. दगडावर नाव हिब्रूत आणि मराठीत कोरावं, अक्षर म्हाळसाबाईंनी काढून द्यावं. महिन्याने मलिदा, म्हणजे प्रार्थनेचे गोड पोहे, करावा. पोहे म्हाळसाबाईंनीच भिजवावेत, अबिगाईलच्या हातून त्यांचा लगदा होतो.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करून ठेवले आहे.

इथं कागद संपायचा होता. संपला नाही. पुढं काय झालं तेही लिहून घ्यायला लावते आहे, कारण वरच्या कलमात त्यामुळे फरक पडला.

मी भिंग घेऊन वाचायला बसले. शेवटच्या ओळीत ‘रजीखुशीने’ असं होतं. म्हटलं, ‘‘म्हाळसा, ‘रा’चा काना राहिला.’’

‘‘राहिला नाय. ठिवला.’’

‘‘ठेवला म्हणजे?’’

‘‘तुमीच शिकवलं न्हवं का? ज्या शब्दानं कागद पक्का व्हतो त्याचा पाय आदुगर काढायचा नाय. तुमी म्हनता राजीखुशीनं. मला तर तुमी राजी दिसत नाय आन् खुशी बी दिसत नाय.’’

मी चिडले. म्हटलं, ‘‘तुझं काम लिहायचं आहे. काढ तो काना.’’

‘‘काढते की. आदी अबीताईला फोन लावा.’’ बोरू खाली ठेवून ती हाताची घडी घालून बसली. ‘‘मेल्यावर ह्यो कागद वकील वाचून दाखवनार. मंग ती कुनावर रागवंल? वकिलावर? रागवायला बी मानूस समोर लागतंय, बाई. तुमी काय, माफी मागायची आन् मरून जायचं, म्हंजी आयकून घ्यायला नगं.’’

खुर्चीतून आप्पासाहेब म्हणाले, ‘‘म्हाळसाबाईचं बरोबर आहे.’’ मी म्हटलं, साक्षीदाराने बघायचं, बोलायचं नाही. ते म्हणाले, ‘‘बघतोच आहे ना.’’

सव्वीस वर्षांत या बाईने मला उलट उत्तर दिलं नव्हतं. मी काना स्वतः काढायचा म्हणून बोरू उचलला. हात इतका थरथरला की शाई टेबलावर सांडली. म्हाळसाबाईंनी ती फडक्याने टिपली आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

अबिगाईलने लगेच उचलला. ‘‘आई? काय झालं? बरी आहेस ना?’’ कारण मी होऊन कधी फोन करत नाही.

मी प्रस्तावना केली नाही. म्हटलं, ‘‘अबी, तुझ्या केतुब्यातल्या कोफला पाय नाही. मी मुद्दाम काढला नाही. मामांशी खोटं बोलले.’’

अबी म्हणाली, ‘‘मला माहीत आहे.’’

‘‘कधीपासून?’’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘‘इथं आल्यावर हिब्रूच्या वर्गाला जायला लागले. घरी येऊन भिंतीवरचं वाचत बसायची. तो शब्द लागेचना. मग एक दिवस लागला. रूवेन मार्कर घेऊन आला होता, आत्ता काढून टाकतो म्हणाला. मी त्याला हात लावू दिला नाही. म्हटलं, तो पाय आईचा आहे. ती येईल तेव्हा काढेल.’’

‘‘मग बोलली का नाहीस गं?’’

‘‘नऊ वेळा बोलावलं की तुला!’’ आणि ती ओरडायलाच लागली. मला वाटायचं तू येशील, दर वेळी कपाटात शाईची बाटली बघून ठेवायची, दर वेळी तुझा गुडघा, शेवटी चार वर्षांपूर्वी ठरवलं की आईला यायचंच नाही, आईने मला अजून सोडलेलं नाही आणि अजून धरलेलंही नाही. हे सगळं तिचंच, मी जसंच्या तसं देते. वीस मिनिटं झापलं. मी सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि जीव इतका हलका झाला होता की सांगता येत नाही. तीही शेवटी रडली. आप्पासाहेब उगाचच खिडकीबाहेर बघत होते.

मी म्हटलं, ‘‘अबी, आता येणं जमायचं नाही. डॉक्टर विमानाला नाही म्हणतात. आणि हात थरथरतो गं, रेघ सरळ यायची नाही.’’

‘‘थरथरू दे. वाकडी तर वाकडी. पण तुझ्याच हातची हवी,’’ अबी म्हणाली. ‘‘पुढच्या महिन्यात, वल्हांडणाच्या सणाआधी, मी केतुबा घेऊन येते.’’

तेव्हा कलम सहामध्ये दुरुस्ती. बोरूचा डबा अबिगाईलला माझ्यामागे मिळणार नाही. तो सध्या मला लागणार आहे. काम झाल्यावर तिच्या हातात मी स्वतः देईन. बाकी मजकूर वकील गाळा म्हणाले तरी गाळू नये, मी केलं ते केलं.

कलम पाचमध्येही दुरुस्ती. पाय काढून झाल्यावर अबीचा केतुबा पुन्हा चौकटीत बसवायचं काम आप्पासाहेबांना द्यावं, अशी म्हाळसाबाईंनी शिफारस केली आहे. मान्य. कात्री तेवढे दिवस बद्रीनाथांकडे राहील. आप्पासाहेबांना अजूनही काही मिळत नाही, त्यामुळे त्यांची साक्ष चालेल असं वाटतं.

डॉक्टर आल्यावर त्यांना सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं. ते म्हणाले, खाडाखोड कुठं नाही, ‘राजीखुशी’तली एवढी चूक सुधारून घ्या. म्हाळसाबाई म्हणाल्या, ‘‘चूक न्हाय डाक्टरसाहेब, बगा आता.’’ त्यांनी पान पुढ्यात ओढलं, माझ्याकडे एकदा बघितलं, मी मान हलवली, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत त्यांनी ‘र’पुढं काना ओढला.

सही: सिपोरा आहारोन झिराडकर
(अक्षर हललेलं आहे, सही माझीच आहे.)

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या:
१. डॉ. रामकिसन पुंजाराम शेजूळ, छावणी
२. आप्पासाहेब कडूबा गाडेकर, औरंगपुरा. (या पानाच्या खालच्या सह्या कुणी कापू नयेत. आप्पासाहेब.)

ठिकाण: छावणी, औरंगाबाद
तारीख: १० मार्च २०१९

लिवून घेनार: म्हाळसाबाई सूर्यभान शिंगाडे. बाई बोलल्या तसं लिवलं. काना तेवढा माज्या मनानं थांबवला व्हता, त्यो आता काढला.